दात भरण्याआधीचे जंतुनाशक आणि बाँडिंगची पकड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा दवाखाना म्हापशाला आहे. दात भरून घेणारे पेशंट, बांबोळीच्या दंत महाविद्यालयात शिकणारी मुले आणि डिचोली, पेडणे, वाळपईकडे एकट्याने दवाखाना चालवणारे सहकारी यांच्याकडून काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न पेशंटसाठी आहेत, पुढचे खुर्चीच्या या बाजूला काम करणाऱ्यांसाठी. जिथे माझे मत आहे तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

१. डॉक्टर, कीड काढून झाल्यावर पुन्हा दातात औषध कशाला लावता? दात तेवढ्यानेही साफ होत नाही का?

डोळ्यांना दिसणारी कीड निघते. पण एनॅमलच्या (दाताच्या वरच्या कठीण आवरणाच्या) खाली असलेल्या डेंटिनमध्ये अतिशय बारीक नळ्या असतात. एनॅमलजवळ त्या एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण २०,०००, तर नसेजवळ ४५,००० च्या आसपास. त्यांत थोडे जंतू राहतात. शिवाय ड्रिल फिरला की दाताचा भुसा पृष्ठभागावर एक-दोन मायक्रॉनच्या थरासारखा बसतो, आणि त्यातही जंतू असू शकतात. म्हणून अनेक डॉक्टर भरण्याआधी जंतुनाशक लावतात.

माझे मत असे की प्रत्येक खड्ड्यात जंतुनाशक लावलेच पाहिजे असे नाही. फिलिंगची कड पक्की बंद झाली तर आत राहिलेल्या जंतूंना खायला मिळत नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या १० वर्षांच्या अभ्यासात कीड मुद्दाम आत ठेवून वरून कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचे रेझिनचे फिलिंग) आणि सीलंटने (पातळ रेझिनच्या थराने) दात बंद केले होते, आणि आतली कीड पुढे सरकली नव्हती. जंतुनाशकापायी बाँडिंगच (फिलिंगचे दाताला चिकटणे) बिघडले तर आपण हीच बंद कड गमावतो.

२. बाँडिंग म्हणजे नक्की काय कशाला चिकटते?

एनॅमलमध्ये वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. त्यावर आम्ल लावले (याला एच करणे म्हणतात) की पृष्ठभाग खरखरीत होतो, बारीक खळगे पडतात आणि पातळ रेझिन त्यांत उतरून घट्ट होते. मायकल बुओनोकोरे यांनी हे १९५५ साली दाखवले. त्यांनी ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल वापरले होते. आज आपण ३५ ते ३७ टक्क्यांचे वापरतो.

डेंटिनचे काम नाजूक आहे. त्यात साधारण ७० टक्के खनिज, २० टक्के कोलॅजनसारखे सेंद्रिय द्रव्य आणि १० टक्के पाणी असते. आम्लाने वरचे खनिज निघून गेले की कोलॅजनच्या धाग्यांचे ओले जाळे उरते. रेझिनने त्या जाळ्यात शिरून तिथेच घट्ट व्हायचे असते. रेझिन आणि कोलॅजन यांच्या या मिश्र थराला हायब्रिड लेयर म्हणतात. नोबुओ नाकाबायाशी यांनी तो १९८२ साली मांडला. जंतुनाशकाचा बरावाईट परिणाम होतो तो मुख्यतः याच थरावर.

३. कंपनीचे लोक "पकड इतके मेगापास्कल" सांगतात. ते किती समजायचे?

एक चौरस मिलिमीटर जाडीची, काडेपेटीतल्या काडीहूनही बारीक दांडी घ्या. निम्मी दाताची, निम्मी कॉम्पोझिटची. ती ओढून तोडायला २० न्यूटन बळ लागले तर पकड २० मेगापास्कल. म्हणजे त्या दांडीला साधारण दोन किलो, तीन-चार सोललेल्या नारळांएवढे वजन टांगल्यासारखे. कॉम्पोझिट घट्ट होताना आकसते आणि स्वतःलाच दातापासून ओढते. तो ताण सोसायला १७ ते २० मेगापास्कल लागतात असे पाठ्यपुस्तके सांगतात. दात सरळ करायच्या (ऑर्थोच्या) ब्रॅकेटला ६ ते ८ पुरतात, कारण ते पुढे काढायचेच असतात.

आकडे वाचताना चाचणी कुठली ते आधी पाहा. शिअर (बाजूने ढकलून तोडणे) आणि मायक्रोटेन्साइल (वरच्यासारखी बारीक दांडी ओढून तोडणे) या दोन चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही. आणि २४ तासांनंतरचा आकडा हा वर्षभरानंतरचा आकडा नव्हे. जंतुनाशकांच्या बाबतीत तर हा फरकच सगळ्यात महत्त्वाचा आहे (प्रश्न ५).

४. मी रोज क्लोरहेक्सिडीनच्या माउथवॉशने गुळण्या करते. त्याने भरलेला दात सैल होईल का?

नाही. क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक आहे; त्याचा माउथवॉश घट्ट झालेल्या फिलिंगच्या वरून जातो, सांध्यात शिरून पकड सोडवत नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दोन आठवड्यांपलीकडे मात्र वापरू नका. दातांवर आणि फिलिंगच्या कडांवर तपकिरी डाग पडतात, चहा पिणाऱ्यांचे जास्तच. ब्रश केल्यावर लगेच गुळण्या केल्या तर टूथपेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने औषधाचा जोर जातो. मध्ये अर्धा तास जाऊ द्या.

५. क्लोरहेक्सिडीन एच करण्याआधी लावायचे की नंतर? आणि ते धुवायचे का?

एच-अँड-रिन्स पद्धत (आम्ल लावून धुऊन टाकायची) वापरत असाल तर नंतर लावा. फॉस्फोरिक आम्ल डेंटिनवर १५ सेकंद, मग पाण्याने नीट धुवा, मग २ टक्के क्लोरहेक्सिडीन मायक्रोब्रशने ३० ते ६० सेकंद. जास्तीचे टिपून घ्या, धुऊ नका. पृष्ठभाग ओलसर चमकता राहिला पाहिजे. मग बाँडिंग, म्हणजे चिकटवणारे द्रव.

धुवायचे नाही, कारण इथे क्लोरहेक्सिडीन दोन कामे करते. जंतू मारते हे पहिले. दुसरे काम अधिक मोलाचे आहे. डेंटिनमध्ये आपलीच एन्झाइम्स झोपलेली असतात: एमएमपी नावाची, त्यांत २, ८ आणि ९ क्रमांकाची ठळक, आणि कॅथेप्सिन्स. आम्लाने ती जागी होतात. हायब्रिड लेयरच्या तळाशी जिथे रेझिन पोचले नाही तिथले उघडे कोलॅजन ती महिनोन्महिने कुरतडत राहतात. २००४ साली डेव्हिड पॅशली आणि सहकाऱ्यांनी दाखवले की जंतूंचा संबंध नसतानाही कोलॅजन असे झिजते. क्लोरहेक्सिडीन त्या एन्झाइम्सना रोखते.

म्हणून २४ तासांच्या चाचणीत क्लोरहेक्सिडीन लावलेला आणि न लावलेला दात बहुधा सारखेच निघतात. फरक सहा महिन्यांनी, वर्षाने दिसतो: न लावलेल्याची पकड जास्त घसरलेली असते. हा फायदाही कायमचा नाही. क्लोरहेक्सिडीन रेझिनला रासायनिक बांधलेले नसल्यामुळे हळूहळू निसटते, आणि दीड-दोन वर्षांच्या पुढे फरक पुसट होतो असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मी खोल खड्ड्यात ते लावते, कारण एक मिनिट जातो आणि तोटा दिसत नाही.

६. मी सेल्फ-एच बाँडिंग वापरतो. त्यातही हेच करायचे का?

नाही, तसेच्या तसे नको. सेल्फ-एचमध्ये आम्ल बाँडिंगमध्येच असते, धुण्याची पायरीच नसते. ड्रिलचा भुसा तिथेच असतो, त्यावर क्लोरहेक्सिडीन बसले की सौम्य आम्लाच्या प्रायमरला आत जायला अडथळा होतो. काही अभ्यासांत पकड कमी झाली, काहींत तशीच राहिली. बाँडिंग कोणते यावर बरेच ठरते. लावायचेच असेल तर लावा, पाण्याने धुवा, हलके वाळवा, आणि बाँडिंग २० सेकंद नुसते पसरवू नका, घासून लावा.

एमडीपी (चिकटवणारे फॉस्फेट रसायन) असलेल्या बाँडिंगमध्ये हे विशेष जपावे. एमडीपी डेंटिनमधल्या कॅल्शियमला रासायनिक जोडले जाते, आणि त्या जागेवर दुसरे काही आधीच बसलेले असेल तर त्याची गाठ पडत नाही. युनिव्हर्सल (दोन्ही पद्धतींनी चालणारे) बाँडिंग एच करून वापरत असाल तर प्रश्न ५ लागू. सेल्फ-एच म्हणून वापरत असाल तर हा.

७. रूट कॅनालमध्ये हायपोक्लोराइट (ब्लीचसारखे जंतुनाशक) वापरतोच. मग त्यानंतर पोस्ट (मुळात बसवायची दांडी) किंवा कॉम्पोझिट चिकटवायला काय हरकत आहे?

या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकाआधी एका पेशंटने शिकवले. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत साठीच्या एका काकींचा वरचा पुढचा दात मी रूट कॅनाल करून फायबर पोस्टवर उभा केला होता. गणेश चवथीच्या आठवड्यात त्या आल्या. नेवरी चावताना कॅप पोस्टसकट निघाली होती, रुमालाच्या गाठीत बांधून आणलेली. ट्रेवर ठेवून पाहिले. पोस्टभोवती सिमेंट पूर्ण होते, गुळगुळीत, मेणबत्तीच्या थेंबासारखे. मुळाची भिंत मात्र कोरी, जणू तिथे कधी काही चिकटलेच नव्हते. सिमेंट पोस्टला धरून होते, दाताला त्याने धरलेच नव्हते. मी ५ टक्के हायपोक्लोराइटने धुऊन, पेपर पॉइंटने (कागदी काडीने) टिपून थेट सिमेंट घातले होते.

कारण असे. हायपोक्लोराइट विघटित होताना मीठ आणि ऑक्सिजन उरतो, आणि डेंटिनचा पृष्ठभाग ऑक्सिडाइज होतो. रेझिन घट्ट होते ते मुक्त रॅडिकल्सच्या साखळीने, आणि ऑक्सिजन ही साखळी तोडतो. कॉम्पोझिटचा शेवटचा थर निळ्या लाइटखाली धरल्यावरही वरून बोटाला चिकट लागतो ना, तो हवेतल्या ऑक्सिजनमुळे. हायपोक्लोराइटनंतर तसाच चिकट, अर्धवट थर सिमेंट आणि दात यांच्या मधोमध तयार होतो. नुसत्या पाण्याने धुऊन हे भरून येत नाही. त्यात हायपोक्लोराइट कोलॅजनही विरघळवते, म्हणजे हायब्रिड लेयरला लागणारे जाळेच राहत नाही.

काकींचा दात पुन्हा केला तेव्हा पोस्टच्या जागेची भिंत ड्रिलने हलकी ताजी केली आणि पुढच्या प्रश्नात आहे तसे अँटिऑक्सिडंट वापरले.

एक अपवाद: ॲसिटोनवर आधारलेल्या काही बाँडिंगची पकड हायपोक्लोराइटनंतर उलट वाढल्याचेही अभ्यासांत आढळले आहे, कारण ती कोलॅजनशिवायच्या खडबडीत डेंटिनमध्येही चांगली शिरतात. पण आपल्या हातातली बाटली त्यांपैकीच आहे असे धरून चालू नये.

८. सोडियम ॲस्कॉर्बेट खरेच उपयोगी आहे का? व्हिटॅमिन सीची गोळी विरघळवून चालेल का?

उपयोगी आहे. १० टक्के सोडियम ॲस्कॉर्बेट हे अँटिऑक्सिडंट ऑक्सिडाइज झालेला पृष्ठभाग पूर्वपदावर आणते, आणि हायपोक्लोराइटने घसरलेली पकड परत येते. अनेक अभ्यासांत हे दिसले आहे. त्यांत बहुतेकदा ते १० मिनिटे ठेवतात. १०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये १० ग्रॅम, त्याच दिवशी बनवलेले. पिवळे पडले की टाकून द्या, ते स्वतःच ऑक्सिडाइज झालेले असते. वापरल्यावर धुवा.

गोळी चालणार नाही. चघळायच्या गोळीत साखर, रंग आणि स्वाद असतो. आणि शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिड हे आम्ल आहे, ॲस्कॉर्बेट हा त्याचा क्षार. आम्ल डेंटिनला पुन्हा एच करून बसेल.

वेळ असेल तर सोपा मार्ग वेगळा आहे: तात्पुरते भरून पेशंटला आठवड्याने बोलवा. फक्त ते तात्पुरते सिमेंट युजेनॉलचे नको (प्रश्न १०).

९. हायपोक्लोराइटनंतर क्लोरहेक्सिडीन घातले तर कॅनालमध्ये विटकरी-तपकिरी काहीतरी झाले. हे काय?

दोन्ही एकमेकांत मिसळली की असा साका तयार होतो. तो नळ्यांची तोंडे बुजवतो, दाताला रंग देतो आणि बाँडिंगच्या आड येतो. मध्ये सलाइन किंवा डिस्टिल्ड वॉटरने भरपूर धुवा, पेपर पॉइंटने टिपा, मगच क्लोरहेक्सिडीन. साका झालाच असेल तर नुसत्या धुण्यावर विसंबू नका, भिंत ड्रिलने ताजी करा.

१०. दुखत होते म्हणून घरी लवंगाचे तेल लावले. आजच दात भरता येईल का?

लवंगाच्या तेलात युजेनॉल असते. तेही रेझिनच्या मुक्त रॅडिकल्सना गिळते, त्यामुळे कॉम्पोझिट नीट घट्ट होत नाही. खड्डा उघडाच होता आणि कापूस आत ठेवला होता, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. वरचा डेंटिन काढून आणि एच करून धुतल्यावर काम होऊ शकते, पण सांगितले नाहीत तर ते केले जाणार नाही. फेणीचा कापूस ठेवणारेही पुष्कळ येतात. अल्कोहोल उडून जाते, बाँडिंगला त्याने फारसे बिघडत नाही. हिरडी मात्र भाजून पांढरी पडते.

११. ब्लीचिंग केल्यावर किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने खड्डा धुतल्यावर लगेच कॉम्पोझिट लावावे का?

ब्लीचिंगनंतर दोन आठवडे थांबा. कारण प्रश्न ७ मधलेच, ऑक्सिजन. रंगही तोवर स्थिर होतो, शेड जुळवणे सोपे जाते. खड्डा धुवायला ३ टक्के पेरॉक्साइड मी वापरत नाही. त्या जागी पाणी किंवा क्लोरहेक्सिडीन पुरते.

१२. आमच्याकडे पावसाळ्यात फिलिंग जास्त निघतात असे वाटते. जंतुनाशकाचा दोष की हवेचा?

आधी कॉम्प्रेसर पाहा. जून ते सप्टेंबर गोव्याची हवा ओली असते, कॉम्प्रेसर ती ओढतो आणि टाकीत पाणी साठते. खालचा कॉक उघडून तांबूस पाणी आले तर थ्री-वे सिरिंजमधून (हवा-पाणी मारायच्या) तेच पाणी आणि थोडे तेल तुमच्या एच केलेल्या डेंटिनवर उडते आहे. आरशावर हवा मारून बघा: स्वच्छ आरसा धुरकट झाला तर त्या हवेने वाळवू नका. पावसाळ्यात टाकी रोज रिकामी करावी आणि लाइनला फिल्टर असावा. ताजे, नीट लावलेले क्लोरहेक्सिडीन त्या तेलावर बसले तर त्याचा काय उपयोग?

मग रबर डॅम (दाताभोवती ताणायची रबरी चादर). त्याशिवाय तोंडातली हवा श्वासामुळे दमटच असते. ॲसिटोनवर आधारलेल्या बाँडिंगची बाटली उघडी ठेवू नका, उन्हाळ्यात तर नाहीच. ॲसिटोन उडते आणि उरलेले दाट द्रव आत शिरत नाही. फ्रिजमधली बाटली बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थेंबावर बाष्प बसते. हायपोक्लोराइटचे कॅनही ऊन आणि उष्णता लागून हळूहळू कमजोर होतात, म्हणून सावलीत, गडद बाटलीत ठेवावेत.

१३. मग हायपोक्लोराइट एनॅमलवर मुद्दाम वापरा असे काही ठिकाणी का सांगतात?

तिथे जागा आणि क्रम दोन्ही वेगळे आहेत. अमेलोजेनेसिस इम्परफेक्टा (जन्मजात सदोष एनॅमल) किंवा कच्च्या एनॅमलमध्ये प्रथिने जास्त असतात, आणि आम्लाला ती मध्ये येतात. एच करण्याआधी ५.२५ टक्के हायपोक्लोराइट ६० सेकंद लावून, धुऊन, मग एच केले तर खळगे अधिक सारखे पडतात. काही अभ्यासांत पकड वाढली, काहींत फरक पडला नाही. एचच्या आधी असल्यामुळे आम्ल आणि धुण्याने वरचा ऑक्सिडाइज थर जातो. डेंटिनवर ओघळू देऊ नका. रबर डॅम हवाच.

१४. लहान मुलाच्या दाताला काळे करणारे औषध लावले आहे. आता त्यावर कॉम्पोझिट बसेल का?

ते बहुधा ३८ टक्के सिल्व्हर डायमीन फ्लोराइड. कीड थांबवायला ते चांगले आहे, विशेषतः खुर्चीत न बसणाऱ्या मुलांना. बसेल, पण त्याच दिवशी न धुता लावले तर पकड कमी मिळते. धुऊन, कडेचा काळा थर हलका काढून, चांगल्या एनॅमलपर्यंत कड नेऊन भरावे. मी अशा दातांना ग्लास आयोनोमर (दाताला स्वतःच चिकटणारे सिमेंट) पसंत करते: आधी १० टक्के पॉलीॲक्रिलिक आम्लाचा कंडिशनर, मग धुणे, मग सिमेंट. ग्लास आयोनोमरखाली क्लोरहेक्सिडीन लावायचे असेल तर तेही कंडिशनरच्या आधी, नंतर नाही.

१५. झिर्कोनियाची (कठीण सिरॅमिकची) कॅप लॅबमधून आली, तोंडात बसवून पाहिली, मग स्पिरिटने पुसली. चिकटवायला तयार?

नाही. लाळेतले फॉस्फेट झिर्कोनियाला घट्ट धरते, आणि एमडीपी नेमकी तीच जागा शोधत असते. स्पिरिट जंतू मारेल, फॉस्फेट हलवणार नाही. फॉस्फोरिक आम्लाने धुतले तर आणखी फॉस्फेट चढते. ५० मायक्रॉनच्या ॲल्युमिनाने कमी दाबावर सँडब्लास्ट करा किंवा त्यासाठी मिळणारी झिर्कोनियायुक्त क्लीनिंग पेस्ट वापरा, मग एमडीपी प्रायमर. लिथियम डायसिलिकेटची (काचेसारख्या सिरॅमिकची) गोष्ट निराळी: तिथे ट्रायलनंतर फॉस्फोरिक आम्लाने साफ केलेले चालते, पण नंतर सायलेन (सिरॅमिकला रेझिन जोडणारे द्रव) पुन्हा लावावे लागते.

१६. मॅडम, डिझर्टेशनसाठी काढलेले दात जमवतोय. कशात ठेवू?

आयएसओ ११४०५ (बाँडिंगच्या चाचणीचे आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे: ०.५ टक्के क्लोरॅमिन-टीमध्ये फार तर एक आठवडा, मग ४ अंश सेल्सिअसला डिस्टिल्ड वॉटरमध्ये, पाणी बदलत. दात काढल्यापासून शक्यतो एका महिन्यात, फार तर सहा महिन्यांत वापरा. फॉर्मालिन नको, ते कोलॅजनला आडवे टाके घालते आणि तुम्ही मोजता तो डेंटिन पेशंटच्या तोंडातला राहत नाही. हायपोक्लोराइटमध्ये ठेवलेले दात डेंटिनच्या बाँडिंगसाठी वापरूच नका. जंतुनाशकाचाच परिणाम मोजणार असाल तर कंट्रोल गटाचे दातही त्याच द्रवात, तेवढेच दिवस ठेवलेले हवेत, आणि थर्मोसायकलिंगशिवाय (आलटून-पालटून थंड-गरम पाण्यात बुडवून नमुना जुना करणे) निष्कर्ष लिहू नका (कारण प्रश्न ५ मध्ये).

१७. निघालेला तुकडा पाहून चूक कुठे झाली ते ओळखता येते का?

बरेचदा येते. फिलिंगच्या आतल्या बाजूला दाताचा पातळ पापुद्रा असेल तर बाँडिंगने काम केले होते, ताण जास्त पडला. दात कोरा आणि सगळे सिमेंट तुकड्यावर असेल तर दाताच्या बाजूला शंका: लाळ, ऑक्सिजन, तेल, युजेनॉल. सिमेंट दातावर आणि कॅपची आतली बाजू कोरी असेल तर प्रश्न १५ वाचा. पेशंटनी तुकडा फेकू नये आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाने घरी बसवू नये. गोंदाखाली मग काहीच वाचता येत नाही. छोट्या डबीत, कोरडा, न घासता आणा.